तीन आठवड्यांची गळती

रचनाने गुडघे टेकले, गाडीखाली हात घातला आणि पुठ्ठा ओढून बाहेर काढला. फ्रिजच्या खोक्याचा हा पुठ्ठा तिने काल संध्याकाळी कोरा करकरीत अंथरला होता. आता त्याच्या मधोमध एक काळा डाग होता, पुढच्या चाकाच्या बाजूला एक तपकिरी, आणि कडेला पाण्याचा म्हणावा तसा एक ओला गोल.

“बाबा, बघताय ना?”

कुंडलिक, तिचे सासरे, प्लास्टिकचं स्टूल घेऊन आलेच होते. ते बसले, चष्मा कपाळावर चढवला, काळ्या डागावरून बोट फिरवलं, अंगठ्याने चोळलं, मग बोट नाकाशी नेऊन डोळे मिटले. लग्न होऊन आल्यापासून रचना हा विधी पाहत होती. एकतीस वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस. गाडी कुठून गळतेय ते खाली न वाकता, नुसत्या थेंबाच्या वासावरून सांगायचा अशी त्यांची ख्याती. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, तरी आजदेगावात कुणाची रिक्षा गळायला लागली की मालक आधी चिंधीवर थेंब टिपून यांच्याकडे घेऊन यायचा.

“इंजिन ऑइल,” ते म्हणाले. तपकिरी डागाचंही तसंच झालं. “हे पण तेच, जुनं. आणि कडेचं एसीचं पाणी.”

“आणि ब्रेक ऑइल?”

“ब्रेक ऑइल यात नाहीच.”

“मग जातं कुठे ते? परवा मी स्वतः भरलंय. आज परत बोटभर खाली आहे.”

“बघू.”

हे ‘बघू’ तीन आठवडे जुनं होतं. पहिल्या आठवड्यात टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. बोनेट उघडंच होतं, त्यामुळे ब्रेक ऑइलची पातळी खाली गेलेली दिसली. दुसऱ्या आठवड्यात मागच्या दोन्ही चाकांचे व्हील सिलिंडर बदलले, कारण बाबांनी ड्रमच्या कडेला बोट लावून, हुंगून, ‘इथूनच’ असं सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात पुढचा एक होज पाइप गेला. प्रत्येक वेळी गाडी दोन दिवस जॅकवर, प्रत्येक वेळी बायकांना फोन करून ‘आजचा क्लास उद्या घेऊ’, आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या दिवशी ब्रेक ऑइलची पातळी पुन्हा आपली खाली. बरं, जमिनीवर एक थेंब नाही. रचनाने हात टेकले होते.

तिची ‘रचना मोटर ट्रेनिंग’ म्हणजे ती आणि ही सोळा वर्षांची पांढरी गाडी, एवढाच सगळा पसारा. डावीकडे, तिच्या पायाशी, क्लच आणि ब्रेकची जादा पेडल्स बसवलेली. शिकायला येणाऱ्या बहुतेक बायकाच, आणि त्यातल्या निम्म्या नवऱ्याच्या शेजारी बसून शिकताना रडून आलेल्या. इथे कुणी ओरडत नाही, एवढ्या एका गोष्टीवर तिचा धंदा चालला होता. आता तिलाच कुणावर तरी मनसोक्त ओरडायचं होतं.

“ड्रायव्हरच्या पायाशी मॅट ओली आहे, ते सांगितलेलं मी तुम्हाला,” ती म्हणाली. “ते पण बघा ना एकदा.”

“बघितलं की परवा. पिळून बघितलं. पावसाचं पाणी आहे. बायका ओल्या चपला घेऊन बसतात.”

“चार दिवस पाऊस कुठे आहे, बाबा?”

“जाड मॅट आहे. सुकायला वेळ लागतो.”

 मॅटच्या कुबट वासाला कंटाळून तिने मागेच आरशाला मोगऱ्याच्या सेंटची डबी टांगली होती. आता गाडीत बसलं की कुणाच्या तरी हळदीला आल्यासारखं वाटायचं.

तेवढ्यात सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडणाऱ्या दोघीतिघींनी नाकाला ओढण्या लावल्या. एमआयडीसीकडून सकाळी कधी कधी येणारा तो घशात उतरणारा वास आज चांगलाच जोरात होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी धाडकन खिडकी लावली. रचनानेही तोंडाला रुमाल धरला. कुंडलिक मात्र बोनेटमध्ये डोकं घालून शांतपणे पाइप चाचपत बसले होते. एवढी वर्षं इथे राहून या माणसाला कशाचंच काही वाटत नाही, असं तिच्या मनात आलं, आणि त्याचाही तिला राग आला.

काल रात्री जेवताना तिने नवऱ्याला गाठलं होतं.

“रत्नदीप, गाडी दुसऱ्या कुणाला तरी दाखवू या. तू सांग बाबांना.”

“मी?” रत्नदीपचा घास हातातच राहिला. “मी जाऊन त्यांना सांगू, की तुम्हाला गळती सापडत नाही? तूच सांग. तुझं ऐकतात ते.”

“माझं ऐकतात? तीन आठवडे मी काय भिंतीशी बोलतेय?”

तो उठून हात धुवायला गेला. अंबरनाथच्या कारखान्यात चाळीस माणसं हाताखाली असलेला हा सुपरवायझर बापासमोर अजून चौथीतला होता.

साडेसातला क्षिप्राताई आल्या. शाळेत गणित शिकवणाऱ्या, पंचेचाळिशीच्या, पण स्टिअरिंग हातात आलं की तळहात पदराला पुसणाऱ्या बाई. रचनाने बाटली काढून ब्रेक ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलं, जागेवरच चार वेळा पेडल दाबून पाहिलं. बरं वाटलं. मग त्या दोघी निघाल्या.

नव्वद फुटी रोडपर्यंत सगळं ठीक होतं. क्षिप्राताई आज तिसऱ्या गिअरपर्यंत गेल्या, आणि स्वतःच स्वतःला ‘छान’ म्हणाल्या. पुढे शाळेची एक पिवळी व्हॅन चालली होती. मागच्या काचेतून दोन पोरं यांच्याकडे बघून जीभ काढून दाखवत होती. व्हॅनचे लाल दिवे लागले.

“ब्रेक,” रचना म्हणाली. “हळू. ब्रेक.”

“मॅडम, दाबलाय!”

गाडी तशीच पुढे जात होती. रचनाने स्वतःच्या बाजूचं पेडल दाबलं. ते लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं आणि तळाला टेकलं. तिचं पेडल क्षिप्राताईंच्याच पेडलला दांड्याने जोडलेलं होतं; तिकडे नाही ते इकडे कुठून येणार? काचेतली पोरं मोठी मोठी होत आली. त्यातल्या एकाने जीभ आत घेतली. रचनाने एका हाताने हँडब्रेक ओढला, दुसऱ्याने स्टिअरिंग फुटपाथकडे ढकललं, आणि गाडी दोन आचके देऊन, मागून फरपटत, व्हॅनपासून दोन वितींवर थांबली.

व्हॅनवाल्याला काही कळलंसुद्धा नाही. तो निघून गेला.

क्षिप्राताईंचा पाय अजून पेडलवरच होता. “मी ब्रेकच दाबलेला, मॅडम. शप्पथ. मी क्लच नव्हता दाबलेला.”

“माहितीये मला. तुमची काही चूक नाही.”

“मला नाही जमणार हो हे. सोडा मला इथे. मी रिक्षाने जाते.”

त्यांना रिक्षात बसवून दिल्यावर रचना फुटपाथच्या कडेला उभी राहिली.  तिने मोबाइल काढला आणि शहाडच्या रवींद्रला फोन लावला. रवींद्र डेपोत बाबांच्या हाताखाली शिकलेला. आता त्याचं स्वतःचं गॅरेज होतं.

“उस्ताद घरात असताना मी कशाला, वहिनी?” तो हसून म्हणाला.

“तू ये. आजच ये.”

तिच्या आवाजाने त्याचं हसू थांबलं. “सहापर्यंत येतो.”

तिने डिकीतली बाटली काढून ऑइल भरलं, पेडल पंप करून थोडंफार वर आणलं, आणि पहिल्या गिअरमध्ये, एक हात हँडब्रेकवर ठेवून, घरापर्यंत आली. मागचे हॉर्न ऐकत, शिव्या खात. वाटभर ती एकच वाक्य घोकत होती. बाबा, तुमच्याने आता होत नाही. बस्स, एवढंच. जास्त बोलायचं नाही आणि रडायचं तर मुळीच नाही.

“लवकर आलीस?” कुंडलिकांनी पार्किंगमध्येच विचारलं. “बरं झालं. लाव इथे. नवीन पुठ्ठा टाकलाय. गरम इंजिनला गळती पटकन दिसते. अर्धा तास थांबू.”

तिने गाडी लावली आणि तडक वर गेली. दोन ग्लास पाणी प्यायली. तोंडावर पाणी मारलं. केशरबाईंनी, सासूबाईंनी, स्वयंपाकघरातून ‘काय गं?’ विचारलं, तेव्हा ती तोंड पुसत खिडकीशी जाऊन बसली.

ती परत खाली आली तेव्हा सोसायटीचा विठ्ठल बादली आणि खराटा घेऊन पलीकडच्या विंगकडे चालला होता. इकडची फरशी धुऊन झाली होती. मीटर रूममधून नट खोलायचे पाने घेऊन कुंडलिकही नुकतेच येत होते. त्यांनी पुठ्ठा बाहेर ओढला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. पुठ्ठ्याच्या टोकाला हिरव्या पाण्याचं छोटंसं तळं साचलं होतं.

“सापडलं!” ते म्हणाले. त्यांनी बोट बुडवलं, चोळलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. “कूलंट. वॉटर पंपाचं सील गेलंय. आज पंप उतरवतो.”

रचना वाक्य तोंडात घेऊनच पुढे आली. बाबा, तुमच्याने आता. तिने त्यांच्या हातातून पुठ्ठा घेतला, खरं तर हिसकावलाच, आणि फिनेलचा उग्र भपकारा तिच्या नाकात गेला. पुठ्ठा नाकाशी न्यायचीही गरज नव्हती. सगळं पार्किंगच फिनेलने घमघमत होतं. विठ्ठलच्या बादलीतलं ते हिरवं फिनेल गाडीखाली उडालं होतं, बस्स.

तिने कुंडलिकांकडे पाहिलं. ते बोट पुसत होते आणि तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. पेपर तपासून मिळायची वाट पाहणाऱ्या मुलासारखे.

“बाबा,” ती हळू म्हणाली, “परत एकदा बघा ना वास.”

त्यांनी बोट पुन्हा नाकाशी नेलं. “कूलंटच. गोडसर आहे वास.”

 सकाळची बोनेटमधली त्यांची मान तिला आठवली, नाकाला ओढण्या लावलेल्या त्या बायका आठवल्या. मॅट ‘पिळून’ बघितली म्हणाले होते, हुंगून नाही. या माणसाला वास येतच नव्हता. कधीपासून, कोण जाणे. आणि मग तिला जो राग आला तसा या तीन आठवड्यांत आला नव्हता. कीव आली असती तर बरं झालं असतं, पण आधी रागच आला. यांना माहीत होतं. येत नाही हे माहीत असताना हा माणूस रोज सकाळी डोळे मिटून बसत होता, आणि ती त्याच्या भरवशावर दुसऱ्यांच्या आयाबहिणींना या गाडीत बसवत होती.

“आज ब्रेक लागला नाही,” ती म्हणाली. “नव्वद फुटीवर. पेडल तळाला गेलं. पुढे शाळेची व्हॅन होती.”

कुंडलिकांचा हात बोट पुसता पुसता थांबला.

“कोण होतं गाडीत?”

“क्षिप्राताई. आणि मी.”

“लागलं कुणाला?”

“नाही. हँडब्रेकवर थांबली. दोन वितींवर.” मग, त्यांच्याकडे न बघता, “रवींद्रला बोलावलंय मी. सहाला येतोय.”

 पाने तिथेच फरशीवर ठेवून, जिन्याचा कठडा धरून कुंडलिक वर गेले. फिनेलबद्दल ती काही बोलली नाही.  तिने पुठ्ठा चार घड्या करून कचऱ्याच्या डब्यात कोंबला.

दुपारी केशरबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. “जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडलेत. भांडलीस का?”

“नाही, आई.”

“मग?”

“गाडीचं टेन्शन घेतलंय त्यांनी.”

हे सांगताना तिला स्वतःचाच राग आला, कारण आता तीही लपवायला लागली होती.

सहा वाजता रवींद्र स्कूटरवरून आला. पाठोपाठ कुंडलिकही खाली उतरले. अंगात धुतलेला शर्ट, केस विंचरलेले.

“जय भीम, उस्ताद.”

“जय भीम. ये.”

रवींद्रने बोनेट उघडलं, ब्रेक ऑइलची पातळी पाहिली, चाकांच्या आतून बॅटरी मारली. मग काही न विचारता ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, मोगऱ्याची डबी काढून डॅशबोर्डवर ठेवली, मॅट उचलली आणि पेडलच्या दांड्यावरून एक स्वच्छ फडकं फिरवलं. ते हुंगल्याबरोबर त्याला कळलं असणार. त्याच्या भुवया जराशा वर गेल्या. पण तो बोलला नाही. डेपोची शिस्तच तशी होती. उस्ताद समोर असताना हाताखालच्याने दोष बोलून दाखवायचा नाही. माल पुढे करायचा, बोलणार उस्ताद. रिक्षावालेही तीच शिस्त पाळत होते. म्हणून तर बाबांचं चुकलं तरी त्यांच्या तोंडावर कुणी काही बोललं नव्हतं.

रवींद्रने दोन्ही हातांनी फडकं कुंडलिकांपुढे धरलं.

“तुम्ही बघा, उस्ताद.”

रचना दोन पावलं पुढे सरकली. दुपारभर तिने हेच ठरवलं होतं. मी सकाळीच बघितलंय, असं म्हणायचं, बाबांनीच सांगितलं म्हणायचं, काहीही म्हणायचं, पण हे बोट नाकाशी जाऊ द्यायचं नाही. तिने तोंड उघडलं.

“तिला दे,” कुंडलिक म्हणाले.

“काय, उस्ताद?”

“रचनाकडे दे ते. मला वास येत नाही.”

रवींद्र हसला. उस्ताद चेष्टा करतात असं त्याला वाटलं. मग त्याने रचनाकडे पाहिलं, परत त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्याचं हसू गेलं. त्याने फडकं रचनाच्या हातात दिलं.

“कसा येतो?” कुंडलिकांनी विचारलं. “नीट घे. घाई करू नको.”

तिने फडकं नाकाशी नेलं. “पाण्याचा नाही,” ती म्हणाली. “मासळीसारखा आहे थोडा. म्हणजे... ओली पाटी असते ना, तसा. आणि खाली काहीतरी औषधी.”

“बोटाला चिकट?”

“चिकट नाही. बुळबुळीत.”

कुंडलिकांनी मान हलवली. “ब्रेक ऑइल. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलंय. दांड्यावरून आत मॅटवर उतरतंय, जमिनीवर पडेल कसं? ओल्या मॅटमध्ये मिसळून गेलं. मी पावसाचं पाणी म्हणत बसलो.”

“हो, उस्ताद. तेच आहे,” रवींद्र म्हणाला. पिशवीतून पाना काढायला तो वाकला, आणि वाकलेलाच राहून त्याने विचारलं, “कधीपासून?”

“करोनात गेला तो आलाच नाही.”

“चार वर्षांवर झाली की, उस्ताद. मग रिक्षावाले येतात ते...”

“अंदाजाने. रंग बघायचा, हात लावून बघायचा. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.”  पेडलखालच्या त्या ओल्या पत्र्याकडे कुंडलिक बघत होते. “आज चुकलं, तेव्हा गाडीत ही होती.”